इलेक्ट्रिक विमानासाठी प्रोपेलर स्वतः डिझाईन करून टेस्ट कसा करायचा

प्रोपेलर टेस्ट करायचा म्हटलं की बहुतेक जण मोटर एका फळीवर बसवतात, मागे बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा अडकवतात, फुल थ्रॉटल देतात आणि दीड किलो थ्रस्ट (विमान पुढे ओढणारा जोर) आला म्हणून तोच प्रॉप विमानाला लावून मोकळे होतात. मी पण सुरुवातीला हेच करायचो. मग विमान उडतं, चढतं पण छान, पण बॅटरी ठरवल्यापेक्षा पाच-सहा मिनिटं आधीच संपते आणि दोष मोटरचा, बॅटरीचा का प्रॉपचा तेच कळत नाही. ते कळायचं असेल तर दोन गोष्टी कराव्याच लागतात. थ्रस्टसोबत टॉर्क (प्रॉप फिरवायला लागणारा पिळण्याचा जोर) मोजायचा, आणि प्रॉप जागेवर फिरताना नाही तर पुढे जाताना कसा वागतो ते बघायचं. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टींसाठीच आहे.

इलेक्ट्रिकमध्ये हे इतकं महत्त्वाचं का, तर बॅटरीत एका किलोमागे पेट्रोलच्या मानाने ऊर्जा फारच कमी असते आणि बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. राईट बंधूंची अडचण पण अशीच होती. १९०३ साली त्यांच्याकडे जेमतेम १२ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, त्यामुळे प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच आहे असं धरून त्यांनी हिशोब केला आणि स्प्रूसच्या लाकडातून साडेआठ फुटी प्रॉप हाताने कोरले, ज्यांची एफिशियन्सी ७५ टक्क्यांच्या आसपास होती. आणि जून २०२० मध्ये युरोपच्या ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेने ज्या पहिल्या इलेक्ट्रिक विमानाला टाईप सर्टिफिकेट दिलं त्या पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रोची मोटर ५७.६ किलोवॅटची आहे, प्रॉप तीन पात्यांचा, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन उडताना न बदलणारा), १.६४ मीटर व्यासाचा. आपण उदाहरणाला छोटं विमान घेऊ, ३ किलोचं, ४ सेल ५००० एमएएच बॅटरीचं, जे कॉलेजची टीम किंवा हौशी माणूस घरी बनवू शकतो. गणित मोठ्या विमानाचं पण असंच चालतं.

आधी विमानाला काय हवंय ते काढा

प्रॉपपासून सुरुवात करू नका, विमानापासून करा. आपलं विमान १८ मीटर प्रतिसेकंद वेगाने, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरने क्रूझ करणार आहे, म्हणजे एकाच उंचीवर सरळ उडणार आहे. ३ किलो म्हणजे २९.४ न्यूटन वजन, लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा विरोध) यांचं प्रमाण ९ धरलं (साध्या फोमच्या विमानाला एवढं धरायला हरकत नाही) तर ड्रॅग येतो ३.३ न्यूटन. म्हणजे क्रूझमध्ये फक्त ३.३ न्यूटन, साधारण ३३५ ग्रॅम थ्रस्ट लागतो! फळीवरच्या दीड किलोचा आणि याचा संबंध किती कमी आहे ते इथेच दिसतं. चढताना जास्त लागतो, १४ च्या वेगाने जाताना ३ मीटर प्रतिसेकंद चढायचं असेल तर साधारण ९.६ न्यूटन.

आता क्रूझची कामाची पॉवर म्हणजे थ्रस्ट गुणिले वेग, ५९ वॅट. प्रॉपची एफिशियन्सी ६७ टक्के असेल तर शाफ्टवर ८८ वॅट लागतील, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) मिळून ८० टक्के धरले तर बॅटरीतून ११० वॅट. बॅटरीत ७४ वॅट-तास आहेत, त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ३२ मिनिटं. हाच प्रॉप ५५ टक्क्यांचा असेल तर बॅटरीतून १३५ वॅट जातात आणि वेळ येतो २६ मिनिटं. बाकी सगळं तेच, नुसत्या प्रॉपने सहा मिनिटं गेली.

व्यास

ढोबळ नियम असा की भरपूर हवा हळू ढकलणं हे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून बसेल तेवढा मोठा व्यास घ्या. शाफ्टवर २०० वॅट असतील तर जागेवर ९ इंची प्रॉप थिअरीने जास्तीत जास्त १५.३ न्यूटन देऊ शकतो आणि १२ इंची १८.६. पण क्रूझमध्ये हा फरक कमी होतो, आपल्या ३.३ न्यूटनला ९ इंचीची आदर्श एफिशियन्सी ९१ टक्के आणि १२ इंचीची ९४, म्हणजे अजून दोनेक टक्क्यांसाठी १५ इंची लावून लँडिंगला पाती मोडून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. जमिनीपासूनचं अंतर बघा, चाकं नसतील आणि पोटावर उतरवत असाल तर पाती मागे दुमडणारा फोल्डिंग हब (प्रॉपचा मधला भाग) घ्या. आपण १२ इंच धरतोय, म्हणजे ०.३०५ मीटर.

हवेची घनता समुद्रसपाटीची १.२२५ धरून गणित करू नका. पुणे ५६० मीटरवर आहे, २७ अंशाला इथे घनता १.१० च्या आसपास येते आणि एप्रिलच्या दुपारी ३५ अंशात १.०७. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना थ्रस्ट बारा टक्क्यांनी कमी. अलिबागच्या बीचवर जमलेलं टेकऑफ पुण्यात का जमत नाही त्याचं मोठं कारण हेच. इथली सगळी गणितं मी १.१० ने केली आहेत.

फेरे आणि मोटर

इथे ॲडव्हान्स रेशो समजून घ्या, कारण प्रॉपचं सगळं वागणं यावर चालतं. विमानाचा वेग भागिले (दर सेकंदाचे फेरे गुणिले व्यास), बस. एका फेऱ्यात प्रॉप स्वतःच्या व्यासाच्या किती पट पुढे सरकतो ते यातून कळतं. जागेवर हा आकडा शून्य असतो. आपल्या विमानाला क्रूझमध्ये ५७०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ९५ फेरे धरले तर रेशो ०.६२ येतो. त्याला लागणारा थ्रस्ट कोएफिशियंट (थ्रस्ट भागिले घनता, फेऱ्यांचा वर्ग आणि व्यासाचा चौथा घात) ०.०३८ आणि पॉवर कोएफिशियंट (पॉवर भागिले घनता, फेऱ्यांचा घन आणि व्यासाचा पाचवा घात) ०.०३५. एफिशियन्सी म्हणजे ०.६२ गुणिले ०.०३८ भागिले ०.०३५, ६७ टक्के, वर धरली होती तीच, म्हणजे गणित जुळलं.

शाफ्टचा टॉर्क क्रूझला ०.१४७ न्यूटन-मीटर. चढताना ७००० आरपीएमला २३५ वॅट धरले तर ०.३२. आता मोटर निवडणं सोपं होतं. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर किती आरपीएम फिरते तो आकडा, आणि ९.५५ भागिले केव्ही म्हणजे एका अँपिअरला मिळणारा टॉर्क. ६५० केव्हीच्या मोटरला तो ०.०१४७ येतो, म्हणजे चढताना मोटरमधून साधारण २२ अँपिअर आणि क्रूझला १०. म्हणून ४० अँपिअरचा ईएससी आरामात पुरतो. लोक आधी मोटर विकत घेतात आणि मग तिला पेलेल असा प्रॉप शोधत बसतात, पण क्रम बरोबर याच्या उलटा पाहिजे.

पात्याच्या टोकाचा वेग पण बघून घ्या. आपल्याकडे क्रूझला ९१ मीटर प्रतिसेकंद आहे, आवाजाच्या वेगाच्या पाव पटीच्या जरा वर, काहीच काळजी नाही. मोठ्या विमानात हा आकडा ०.७ पटीच्या वर गेला की आवाज फार वाढतो.

पात्याचा पीळ

मुळाशी पातं हळू फिरतं आणि टोकाला जोरात, पण पुढे जायचा वेग दोन्हीकडे तोच, म्हणून हवा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात येते आणि त्यासाठीच पात्याला पीळ द्यावा लागतो. त्या ठिकाणचा फिरण्याचा वेग काढा (५७०० आरपीएमला त्रिज्या गुणिले ५९७), पुढे जायच्या वेगात प्रॉपने स्वतः ओढलेली हवा मिळवा, आपल्याकडे १८ चे १९.१ होतात, या दोघांच्या भागाकारावरून हवेचा कोन काढा आणि त्यात पात्याचा स्वतःचा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे येणाऱ्या हवेशी पात्याचा कोन, मिळवा. थोडा बाक असलेल्या पातळ प्रोफाईलला (पात्याच्या आडव्या छेदाच्या आकाराला) १ अंश पुरतो. आपल्या प्रॉपला त्रिज्येच्या ३० टक्क्यांवर ३६ अंश येतात, ५० टक्क्यांवर २४, ७५ टक्क्यांवर १६.६ आणि ९५ टक्क्यांवर साडेतेरा. ७५ टक्क्यांवरून पिच (एका फेऱ्यात प्रॉप थिअरीने जेवढा पुढे जाईल ते अंतर) काढला तर ८.४ इंच, म्हणजे बाजारातल्या १२ बाय ८ च्या (१२ इंच व्यास, ८ इंच पिच) जवळचाच प्रॉप झाला. तुमचं उत्तर बाजारातल्या कुठल्याच प्रॉपशी मिळतंजुळतं नसेल तर आधी गणित परत तपासा.

रुंदी मधल्या भागात २४-२५ मिलिमीटर आणि टोकाकडे निमुळती. इथे रेनॉल्ड्स नंबर (पात्याची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) फक्त १ लाखाच्या आसपास असतो, त्यामुळे जाड आणि गोलसर प्रोफाईल इथे मार खातात. मुळाशी ताकदीसाठी जाड चालेल, टोकाकडे रुंदीच्या ८-९ टक्केच जाडी ठेवा. क्लार्क वायसारखी खालून सपाट प्रोफाईल थोडी पातळ करून घेतली तर हाताने कोरायला सगळ्यात सोपी, कारण कोन सपाट बाजूवर थेट मोजता येतो. सॉफ्टवेअरमध्ये मार्टिन हेपर्लेंचं जावाप्रॉप आणि एमआयटीच्या मार्क ड्रेलांचे एक्सफॉईल आणि क्यूप्रॉप फुकट मिळतात. क्यूप्रॉपमध्ये मोटरची माहिती पण टाकता येते, म्हणून इलेक्ट्रिकसाठी मला तेच जास्त आवडतं. पण आधी वरचं गणित वहीत करा, नाहीतर सॉफ्टवेअरने काहीही उत्तर दिलं तरी खरंच वाटतं.

बनवणं

हे वाचून मगच प्रिंटरकडे जा. १० ग्रॅमचं एक पातं, त्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, ९००० आरपीएमला ते हबला किती जोराने ओढतं? ५३० न्यूटन, म्हणजे ५४ किलो. एक मोठा माणूस त्या पात्याला लोंबकळल्यासारखं. त्यामुळे थ्रीडी प्रिंट करताना पातं उभं ठेवून अजिबात प्रिंट करू नका, थर आडवे येतात आणि ओढ बरोबर दोन थरांच्या सांध्यावर बसते. आमचं असं एक पातं स्टँडवर साधारण ६००० ला सुटलं होतं, समोरच्या प्लायमध्ये अर्धा इंच घुसलेलं होतं आणि तुटलेली बाजू थराच्या रेषेवर एखाद्या वहीचं पान फाडल्यासारखी सपाट होती. प्रिंट फक्त आकार बघायला आणि कमी फेऱ्यांच्या टेस्टला वापरा, आणि पीएलएचं असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ६० अंशाच्या आसपास ते मऊ पडून पीळच बदलतो.

उडवायला मी लाकूडच वापरतो. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला बीचचे तुकडे मिळतात, ते ४-५ मिलिमीटरच्या पट्ट्यांमध्ये कापून घ्यायचे, रेषा पात्याच्या लांबीत सरळ जाणाऱ्याच पट्ट्या निवडायच्या, गाठ असेल ती बाजूला, आणि इपॉक्सीने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवायच्या. आधी हबचं भोक पाडा, ड्रिल प्रेसवरच, कारण नंतर ते काटकोनात येत नाही. मग वरून आणि बाजूने आकार काढून कापा, सपाट बाजू आधी कानशीने कोनात आणा, प्रत्येक ठिकाणी पुठ्ठ्याचा टेम्प्लेट लावून बघा आणि मग वरचा फुगवटा रंध्याने आणि पॉलिश पेपरने. एका पात्याचं पूर्ण काम संपवून दुसऱ्याला हात घालू नका, दोन्ही बरोबरीने पुढे न्या.

बॅलन्स साधा आहे. हबमध्ये घट्ट बसणारी सरळ सळई घालून ती दोन सुरीच्या धारांवर ठेवा, जड पातं खाली जाईल, ते पॉलिश पेपरने घासा किंवा हलक्याला वार्निशचा एक हात जास्त द्या. आडवा थांबतो म्हणून खूश होऊ नका, उभा धरून पण थांबला पाहिजे. तसा थांबत नसेल तर हबची एक बाजू जड आहे.

टेस्ट स्टँड, इथे घाई नको

सेफ्टी पहिली. प्रॉप फिरतो त्या पातळीत कधीही उभं राहायचं नाही, पातं सुटलं तर त्याच पातळीत जातं. त्या बाजूंना १२ मिलिमीटर प्लाय उभं करा, डोळ्यावर फेस शिल्ड, आणि प्रॉपला हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर काढलेलाच पाहिजे, थ्रॉटल शून्यावर आहे एवढं पुरत नाही. नवीन प्रॉप पहिल्यांदा लांबूनच, जिथपर्यंत न्यायचाय त्याच्या १.२ पट फेऱ्यांपर्यंत एकदा फिरवून घ्या, त्यात ओढ १.४४ पट होते. माणूस बसणाऱ्या विमानाच्या प्रॉपला याहून कितीतरी कडक टेस्ट असतात, अमेरिकन नियमांत हब आणि पात्याच्या पकडीला कमाल ओढीच्या दुप्पट भार एक तास सोसावा लागतो आणि ४ पौंडांच्या पक्ष्याची धडक पण सोसावी लागते, म्हणून घरचा प्रॉप कधीही माणसाच्या विमानावर लावायचा नाही.

स्टँडला थ्रस्टसाठी ५ किलोचा लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) आणि टॉर्कसाठी १ किलोचा, दोन्हींना सेलचा सिग्नल वाचणारा एचएक्स७११ बोर्ड आणि आकडे नोंदवायला एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. मोटर दोन ६०८ बेअरिंगमधल्या शाफ्टवर बसवा म्हणजे ती स्वतःच्या अक्षाभोवती मोकळी फिरू शकेल, आणि १०० मिलिमीटरची एक दांडी टॉर्कच्या सेलवर टेकवा. आपल्या क्रूझच्या टॉर्कला तिथे साधारण १५० ग्रॅम दिसतील, चढताना ३२५. मोटरच्या तीन जाड वायर इथे फार त्रास देतात, त्या ताठ असल्या तर दांडीचा थोडा भार स्वतःच घेतात, म्हणून अक्षाच्या जवळून खाली मोकळी लूप सोडा आणि वायर जोडलेल्या असतानाच कॅलिब्रेशन करा. वजनं किराणा दुकानदाराकडून मागून आणा, वजनमापवाल्यांचा शिक्का असलेली, ती मोबाईल तोलून केलेल्या अंदाजापेक्षा शंभर पटीने बरी. थ्रस्टला वजन लावल्यावर टॉर्कचा आकडा हलतोय का तेही बघा, हलत असेल तर स्टँड वाकतोय.

आरपीएमसाठी ऑप्टिकल टॅकोमीटर वापरत असाल तर ट्यूबलाईटखाली मोजू नका. आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि दोन पात्यांच्या सेटिंगला टॅको ३००० दाखवतो, प्रॉप फिरत नसला तरी. याचा उलटा उपयोग पण आहे, टॅको बरोबर आहे का ते बघायला मुद्दाम अशा ट्यूबकडे धरा.

बंद खोलीत टेस्ट केली तर ढकललेली हवा फिरून परत प्रॉपकडे येते आणि आकडे हलत राहतात, म्हणून सकाळी वारा पडलेला असताना अंगणात किंवा गच्चीवर. हवा स्टँडच्या प्लेटवर आदळणार नाही अशी दिशा ठेवा.

पहिला प्रॉप स्वतःचा लावू नका, बाजारातला एपीसी कंपनीचा एखादा लावा, कारण इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांच्या ग्रुपने अशा शेकडो छोट्या प्रॉपचे विंड टनेलमधले आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. तुमचा आकडा त्यांच्या ५ टक्क्यांत येत नसेल तर स्टँडमध्येच गडबड आहे, ती आधी काढा. मग आपला प्रॉप, ३००० पासून ५००-५०० ने वर, प्रत्येक पायरीवर १० सेकंद थांबून थ्रस्ट, टॉर्क, आरपीएम, व्होल्ट, अँपिअर, तापमान. तुलना नेहमी आरपीएमवर करायची, थ्रॉटलच्या टक्क्यांवर नाही, बॅटरी उतरत जाते तसं तेच ५० टक्के वेगळे फेरे देतात.

टॉर्क हातात आला की गोष्टी सुट्या होतात. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे शाफ्टची पॉवर, ती भागिले बॅटरीची पॉवर म्हणजे मोटर आणि ईएससीची एफिशियन्सी, आणि राहिलेलं प्रॉपच्या खात्यात. १२ इंची प्रॉप ११.८ न्यूटन देतोय तर थिअरीने कमीत कमी १०१ वॅट लागतात, तुम्ही शाफ्टवर १७५ मोजले तर प्रमाण ०.५८, जे छोट्या प्रॉपला ठीक आहे, पण ०.९ आलं तर आनंद नको, काहीतरी चुकतंय. पॉवर कोएफिशियंट सगळ्या फेऱ्यांना जवळपास तेवढाच राहिला पाहिजे. वरच्या फेऱ्यांना तो सरकत जात असेल तर पातं भाराखाली पीळ सोडतंय किंवा जास्तीचा पीळ घेतंय, मग ते जाड करा.

पुढे जाताना

आपल्या ८.४ पिचच्या प्रॉपचं मुळाकडचं पातं जागेवर असताना स्टॉल झालेलं असतं, म्हणजे कोन जास्त झाल्याने हवा पात्यावरून सुटलेली असते, त्यामुळे फळीवर १२ बाय ५ त्याला सहज हरवेल, आणि क्रूझला चित्र उलटं असेल. विंड टनेल नसेल तर सगळ्यात खात्रीची टेस्ट विमानातच होते. तेच विमान, तेच वजन, तोच १८ चा वेग आणि लेव्हल फ्लाईट असेल तर ड्रॅग तोच, म्हणजे थ्रस्टही तोच, मग प्रॉप कुठलाही असो. तेव्हा बॅटरीतून ज्याला कमी वॅट लागतात तो चांगला. फ्लाईट कंट्रोलरला पिटो ट्यूबचा (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीचा) एअरस्पीड सेन्सर आणि करंट सेन्सर लावा, जीपीएसचा वेग धरू नका, त्यात वारा मिसळलेला असतो. सूर्य वर यायच्या आत, उंची धरून, ३०-३० सेकंदाचे सरळ लेग, वाऱ्याकडे आणि उलट, किमान सहा. आधी जुना प्रॉप, मग नवीन, मग परत जुना. दोन्ही वेळच्या जुन्याचे आकडे जुळले नाहीत तर त्या दिवसाचा डेटा सोडून द्या, हवा हलत होती.

नवीन प्रॉपने वॅट कमी झाले नाहीत तर त्या उड्डाणातले फेरे घ्या आणि स्टँडच्या डेटावरून त्या फेऱ्यांना आणि त्या करंटला मोटर किती टक्क्यांवर चालत होती ते बघा. मोठ्या पिचने फेरे खूप खाली येऊन मोटरचीच एफिशियन्सी पडलेली असते असं बऱ्याचदा दिसतं, तेव्हा प्रॉप टाकायचा नाही, केव्ही कमी असलेली मोटर लावून परत बघायचं. आणि उडवायच्या आधी ड्रोन झोनचा नकाशा बघाच, लोहगावच्या विमानतळामुळे पुण्याचा बराच भाग मोकळा नाहीये.

प्रत्येक फ्लाईटनंतर लाकडी पात्याच्या पुढच्या धारेवरून कापसाचा बोळा हळूच फिरवायचा. तंतू जिथे अडकतील तिथे चीर आहे. असा प्रॉप हाताने मोडून मगच कचऱ्यात टाका, नुसता बाजूला ठेवला की पुढच्या रविवारी घाईत कुणीतरी तोच परत लावतं.